नाव नेमके कोणाला ठेवले?

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याच्या सुनेची दुसऱ्या बाळंतपणानंतर झोप उडाली. ती रात्रभर अंगणात येरझारा घालू लागली आणि तान्ह्या लेकराकडे पाहून ‘हे माझे नाही’ म्हणू लागली. घरच्यांनी आठ दिवस वाट पाहिली, मग गावातल्या जाणत्यांनी हे बाहेरचे आहे असा निर्वाळा दिला आणि तिला एका दर्ग्यावर नेऊन ठेवायचे ठरले. तिथे अशा रोग्यांच्या पायात साखळी घालून त्यांना खांबाला बांधतात, हे घरच्यांनाही ठाऊक होते. घर कुणब्याचे, देव्हाऱ्यात गजानन महाराजांची तसबीर आणि जायचे दर्ग्याला. आमच्या विदर्भात याचे कोणाला नवल वाटत नाही. नागपुरात ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर घेऊन येणाऱ्यांची आडनावे कोणी ऐकत बसला, तर हा दर्गा नेमका कोणत्या धर्माच्या लोकांचा, हे त्याला सांगता यायचे नाही.

त्या संध्याकाळी पानठेल्यावर मी बोललो. निवृत्त मास्तराला गावात बोलण्यावाचून फारसा उद्योग नसतो, हे मान्य करूनच सांगतो. आजारी बाईला साखळीने बांधणे हा कोणत्याही पीराचा किंवा देवाचा उपचार असू शकत नाही आणि श्रद्धेच्या नावावर हे चालत असेल तर त्या श्रद्धेलाही जाब विचारला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते. बाकावर पंक्चरच्या दुकानातला मुलगा बसला होता. तो माझाच जुना विद्यार्थी, गावात मुसलमानांची जी सात घरे आहेत त्यांपैकी एका घरातला. त्याने हातातला खर्रा मळायचा थांबवला आणि विचारले, “गुरुजी, तुमाले आमच्या धर्माचा एवढा राग काहून हाय जी?” आवाजात भांडण असते तर मी भांडलो असतो. ते नव्हते, म्हणून मला पटकन उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला असेही नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी गावात सप्ताह होता. काल्याच्या महाप्रसादासाठी जमलेल्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून शाळेची गळकी खोली दुरुस्त करावी असे मी देवळातल्या बैठकीत सुचवले होते, आणि सात दिवस नामस्मरण करून आठव्या दिवशी पंगतीत कोण कुठे बसणार यावरून कुरबुरी होत असतील तर त्या नामाचा उपयोग काय, असेही जरा तिखटपणे विचारले होते. तेव्हा दुसऱ्या एका विद्यार्थ्याने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘गुरुजी हिंदूद्वेष्टे झाले’ असे लिहिले. ज्या माणसाने आयुष्यभर घरात हरिपाठ म्हटला त्याला हे वाचून हसावे की रडावे ते कळेना. दोन्ही बाजूंनी शिव्या मिळाल्या म्हणजे आपण बरोबर, असे मानण्याची एक सोयीस्कर पद्धत अलीकडे रूढ झाली आहे; तिचा आधार मला घ्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या खाणारा माणूस दोन्हीकडे चुकलेलाही असू शकतो. मात्र या दोन्ही मुलांचा तर्क एकच होता. धर्मातल्या एखाद्या गोष्टीला जो दोष देतो तो तो धर्म मानणाऱ्यांचा तिरस्कार करतो, असा तो तर्क आहे. मला तो चूक वाटतो. का चूक वाटतो आणि कुठे थोडा बरोबर वाटतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

गोंधळाचे एक मूळ आपल्या बोलण्यातच आहे. आपण सुनेच्या स्वयंपाकाला नाव ठेवतो, जावयाच्या नोकरीला नाव ठेवतो आणि देवालाही नाव ठेवतो. स्वयंपाकाला ठेवलेले नाव सुनेला लागते, कारण आपल्याकडे ते पुष्कळदा तिला लागावे म्हणूनच ठेवलेले असते. हीच सवय आपण धर्माच्या चर्चेत आणतो आणि वस्तूला दिलेला दोष तिच्या धन्याला दिला असे समजून चालतो. पण याच मराठीत ‘टीका’ हा शब्दही आहे, आणि त्याचा आजचा अर्थ फक्त दोष काढणे एवढाच उरला असला तरी ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीकाच म्हणतो. टीका म्हणजे ग्रंथ उलगडणे, त्यातला प्रत्येक शब्द हाताळून पाहणे. ज्याने वाचले नाही त्याला टीका करता येत नाही. निंदा मात्र न वाचताही करता येते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

पंक्चरवाल्या मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर त्याच्याच घरात होते. त्याचे मोठे चुलते तबलीगी जमातीत, म्हणजे धर्मप्रचाराच्या फेरीला, जाणारे, पाच वेळ नमाज पढणारे गृहस्थ. दर्ग्यावर डोके टेकवणे हे त्यांच्या मते इस्लामविरुद्ध आहे. अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाकडे मागणे मागणे हे मोठ्यातले मोठे पाप आहे असे ते मानतात आणि पुतण्याला तसे बजावतातही. मी पानठेल्यावर जे बोललो त्यापेक्षा कितीतरी कडक शब्द ते रोज घरात वापरतात. मग ते मुसलमानांचा द्वेष करतात काय? उघडच नाही. त्यांची टीका त्यांच्या श्रद्धेतूनच आलेली आहे. आमच्या तालुक्यात महानुभाव पंथाची घरे आहेत. रिद्धपूर हे त्यांचे काशी-पंढरपूर. आठशे वर्षांपूर्वी चक्रधरांनी देवता वेगळ्या आणि परमेश्वर वेगळा असे सांगितले, आणि देवतांची भक्ती माणसाला मोक्षापर्यंत नेत नाही हा त्यांच्या शिकवणीचा गाभाच आहे. माझ्या शेजारच्या महानुभाव घरातली आजी आमच्याकडचा गणपतीचा प्रसाद कधी घेत नसे. तिच्या मते आमचा देव कमी पडणारा होता. पण माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने रात्री उशाशी बसलेली बाई तीच. धर्माविषयीचा नकार आणि माणसाविषयीची माया एकाच अंगणात नांदताना मी लहानपणापासून पाहिली आहे, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींना वगळतात असे मला कोणी कितीही सांगितले तरी पटायचे नाही.

आणि गाडगेबाबा तर आमच्याच मातीतले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा परिटाचा मुलगा, मूळ नाव देबूजी. मुलीच्या बारशाला बकरे आणि दारू ही जातीची रीत होती; देबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले, तेव्हा नाराज झालेले लोक त्यांचेच भाऊबंद होते. दारूने बाप गेलेला त्यांनी पाहिला होता. त्यांची टीका कुठून आली ते समजायला एवढे पुरे आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनातून नवस, बकरी कापणे, अंगारे-धुपारे, कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा, शिवाशीव यांची जी झाडाझडती घेतली तितकी कोणा नास्तिकाने क्वचितच घेतली असेल. त्यांच्या कीर्तनाची रचना पाहण्यासारखी होती. ते विधान करीत नसत, प्रश्न विचारीत. समोर बसलेल्या माणसाकडे बोट करून विचारीत, त्याच्याकडून उत्तर वदवून घेत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढीत, आणि शेवटी ज्या प्रथेची खोड मोडायची तिच्यावर तो माणूस स्वतःच हसू लागे. ज्याचा द्वेष वाटतो त्याला कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत नाही. उत्तराची वाट पाहणे याचाच अर्थ समोरच्याला विचार करता येतो, तो उद्या बदलू शकतो, असे मानणे होय. दिवसा ज्यांच्या गावातली घाण खराट्याने झाडली त्यांनाच रात्री गाडगेबाबा बोल लावीत, हे विसरून चालणार नाही. बोल लावण्याचा त्यांचा अधिकार त्या खराट्यातून आला होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. गाडगेबाबा आतले होते. आपल्या आईला आपण बोलू, दुसऱ्याने बोललेले खपवून घेणार नाही, ही भावना धर्माच्या बाबतीतही असते. मी हिंदू असून दर्ग्याविषयी बोललो, हे त्या मुलाचे खरे दुखणे होते. परंतु टीका करण्याचा अधिकार फक्त आतल्यांना, असा नियम एकदा मान्य केला तर तो कुठवर जातो ते पाहावे. मग सवर्णांच्या धर्माविषयी दलितांनी बोलायचे नाही, कारण त्यांना तर देवळाच्या आत येऊच दिले नव्हते. आणि बाईने पुरुषांच्या धर्मपीठाविषयी बोलायचे नाही. जे नियमाने बाहेर ठेवले गेले त्यांनाच बाहेरचे म्हणून गप्प करण्याचा हा मार्ग झाला.

डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाची जी उकल कृतीतून दाखवली ती मला अजून कोणी ओलांडलेली दिसत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. एका धर्मग्रंथाचा याहून उघड धिक्कार दुसरा कोणता असेल? पण ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. त्याच वर्षी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी जेधे आणि जवळकर यांनी ब्राह्मणांना त्यात घेऊ नये अशी अट घातली होती आणि बाबासाहेबांनी ती नाकारली होती. त्यांची लढाई ब्राह्मण्याशी होती, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसांशी नव्हती. हा फरक त्यांनी भाषणात सांगून सोडून दिला नाही, तर पाठिंबा गमावण्याची जोखीम पत्करून पाळला. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जे अध्यक्षीय भाषण लिहिले त्यात जातीचे मूळ शास्त्रांच्या प्रामाण्यात आहे आणि ते प्रामाण्यच उडवले पाहिजे असे मांडले. मंडळाला ते झेपले नाही, परिषद झाली नाही, तेव्हा भाषण त्यांनी स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याला उत्तर दिले. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत गांधीजींचे ते उत्तर आपल्याच पुस्तकात छापले आणि त्याच्यापुढे आपले प्रत्युत्तर जोडले. आपल्यावरचा आक्षेप आपल्या पैशाने छापून वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसाला द्वेष्टा म्हणायचे असेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरणार नाही.

तरीही १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या गावांतून काय घडले ते मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या लोकांनी घरातले देव बाहेर काढले, तेव्हा गावातल्या इतर घरांना तो आपला अपमान वाटला. बावीस प्रतिज्ञांवरून अजूनही कुरबुर ऐकू येते. आमच्या देवांना हे लोक नावे ठेवतात, असे आमच्याकडचे सुशिक्षित लोकही म्हणतात. त्यांना मी एकदाच सांगितले की त्या प्रतिज्ञा एकदा वाचा आणि वाक्यांचा कर्ता पाहा. ‘मी मानणार नाही’, ‘मी करणार नाही’, ‘मी पालन करीन’ असे बहुतेक प्रतिज्ञांचे रूप आहे. माणूस स्वतःला बांधून घेतो आहे. तुमच्या देव्हाऱ्याला हात लावण्याविषयी त्यात एक अक्षर नाही. एखाद्याने माझा देव सोडला याचे मला दुःख होऊ शकते, पण माझे दुःख हा त्याच्या द्वेषाचा पुरावा होत नाही.

आता उलट बाजू, कारण ती न सांगता पुढे जाणे लबाडीचे होईल. टीकेच्या वेषात द्वेष येतो, आणि हल्ली फार येतो. आमच्या आठवडी बाजारात एक मनियार चाची बांगड्यांची टोपली घेऊन बसते. तिच्या सासूने माझ्या आईच्या हातात बांगड्या भरल्या, तिने माझ्या मुलींच्या हातात भरल्या. मनगट दाबून बांगडी चढवताना ती बोलत राहते आणि पोरीचे लक्ष दुखण्यावरून बोलण्याकडे जाते; काच फुटला तर त्या बांगडीचे पैसे घेत नाही. दोन वर्षांपूर्वी नेमका श्रावणाच्या तोंडावर गावातल्या फोनांवर एक मजकूर फिरला की त्यांच्या लोकांच्या हातून बांगड्या भरू नका. तो मजकूर मी मास्तरकीच्या सवयीने दोनदा वाचला. त्यात कुराणातल्या एकाही वचनाचा उल्लेख नव्हता, एखाद्या चालीविषयी आक्षेप नव्हता, इस्लामविषयी खरीखोटी कसलीही माहिती नव्हती. होते ते फक्त ‘ते लोक’. तिच्यासमोर म्हणण्यासाठी तो मजकूर लिहिलेलाच नव्हता. तो तिच्या पाठीमागे तिच्या गिऱ्हाइकांना सांगण्यासाठी लिहिला होता. त्या श्रावणात चाचीची टोपली पहिल्या दोन बाजारांना निम्मीच रिकामी झाली.

मला वाटते खूण इथे सापडते. द्वेषाला धर्माची माहिती लागत नाही, त्याला फक्त आडनाव पुरते. टीकाकाराला वाचावे लागते, निदान विचारावे लागते, आणि जे बोलायचे ते ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या तोंडावर बोलता यावे लागते. द्वेषाचे व्याकरण तृतीय पुरुषी आणि अनेकवचनी असते, त्याचा श्रोता नेहमी दुसराच कोणीतरी असतो. हा काही गणिती नियम नाही. तोंडावर शिवी देणारेही असतात, आणि पाठीमागे अभ्यासपूर्ण लिहिणारेही. तरी गावात रोज जे कानावर येते ते या चाळणीतून गाळले तर निम्म्याहून अधिक खडे वर राहतात, एवढा माझा अनुभव आहे.

कायद्यालाही हा पेच फार पूर्वी पडला होता. लाहोरमध्ये १९२४ साली ‘रंगीला रसूल’ नावाची एक पुस्तिका निघाली, तिच्यात पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची टवाळी होती. तिची बाजू घेण्याची मला इच्छा नाही. त्यातून कोणाचे प्रबोधन होणार होते असे मला वाटत नाही. प्रकाशक राजपाल यांच्यावर दोन समाजांत वैर पसरवल्याचा खटला भरला गेला, आणि १९२७ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की ते कलम जिवंत समाजावरच्या हल्ल्यासाठी आहे, दिवंगत धर्मपुरुषावर केलेली टीका, ती कितीही हीन असली तरी, त्यात बसत नाही. म्हणजे धर्म आणि अनुयायी यांच्यातली रेषा एका न्यायमूर्तीने काटेकोरपणे ओढली. त्यावर इतका क्षोभ झाला की सरकारने त्याच वर्षी दंडसंहितेत २९५ अ हे नवे कलम घातले. १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण ते ठरवताना सांगितले की धर्माचा कोणताही अवमान त्यात येत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अवमानच येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद २९९ क्रमांकाने आली आहे, आणि समाजांत वैर पसरवण्याची वेगळी, १९६ क्रमांकाने. दोन कलमे दोन ठिकाणी आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्यांना दोन्ही गोष्टी एकच वाटतात त्यांनी निदान कायद्याची पाने तरी चाळावीत. मात्र पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाणारा माणूस हेतू वगैरे पाहत नाही. त्याच्या भावना दुखावलेल्या असतात आणि भावना मोजायला आपल्याकडे काटा नाही.

याहून अवघड प्रश्न मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या निमित्ताने पडतो. १९६६ साली सात मुस्लिम बायकांना बरोबर घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला; तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा ही मागणी होती. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्या समाजाने त्यांना जवळजवळ वाळीत टाकले, आणि ज्यांना मुसलमानांविषयी आधीपासूनच आकस होता असे लोक त्यांची वाक्ये टाळ्या वाजवीत उचलू लागले. दलवाईंनी हिंदू जमातवादालाही सोडले नव्हते, पण ती पाने टाळ्या वाजवणारे वाचत नसत. टीका उसनी घेता येते, तिच्यामागची कळकळ उसनी घेता येत नाही. मग आपले शब्द उद्या कोण वापरील या भीतीने दलवाईंनी गप्प बसायला हवे होते का? त्या सात बायकांना विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते? एका दमात तीनदा म्हणून दिलेला तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, त्या खटल्यातली अर्जदार शायरा बानो हीसुद्धा मुस्लिम बाईच होती. उसने घेणाऱ्यांची लबाडी उघडी पाडावी, त्यांच्यामुळे खरे बोलणे थांबवू नये, यापलीकडे मला उत्तर सापडलेले नाही, आणि ते पुरेसे आहे असेही मी म्हणत नाही.

पंक्चरवाल्या मुलाच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण त्याचा एक भाग मी अजून मान्य केलेला नाही. सव्वातीनशे घरांच्या गावात सात घरे असणे म्हणजे काय, हे तीनशेअठरा घरांपैकी एका घरातल्या माणसाला आपोआप कळत नाही. बांगड्यांचा तो मजकूर त्याच्याही फोनवर आला असणार. ज्याने सकाळी ‘ते लोक’ वाचले त्याला संध्याकाळी मास्तराच्या तोंडून दर्ग्याचे नाव ऐकताना दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले वाटले तर त्याच्या कानाला दोष देता येत नाही. सप्ताहाविषयी मी बोललो तेव्हा मला मिळाला तो एक टोमणा. त्यापुढे काही होणार नव्हते हे मला पक्के ठाऊक होते. त्या मुलाला तसे ठाऊक नाही. धर्मावरची टीका दोन्हीकडे सारखीच खरी असली तरी ती कोणाच्या अंगणात कशी उतरते हे सारखे नसते. म्हणून मला वाटते की दुसऱ्याच्या धर्माविषयी तोंड उघडणाऱ्यावर एक आगाऊ कर्ज असते. बांगड्यांचा मजकूर फिरला त्या दिवशी मी त्याच पानठेल्यावर त्याच मोठ्या आवाजात बोललो असतो, तर मुलाने हा प्रश्न विचारलाच नसता. मी त्या दिवशी घरात चिडलो, बायकोला वाचून दाखवले आणि फोन बाजूला ठेवला. हे कबूल करायला मला वेळ लागला.

मात्र या कर्जाच्या नावाखाली साखळीविषयी गप्प बसणे हा वेगळाच अन्याय झाला असता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवाऱ्यात आग लागली, तेव्हा तिथे बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मेले. साखळ्या असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. त्यांत कोणकोणत्या धर्माचे होते हे साखळीने पाहिले नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे म्हणून नमूद करतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्याला हिंदूविरोधी म्हणून वर्षानुवर्षे अडवले गेले. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर सकाळी खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. कायद्यात कोणत्याही एका धर्मावर बोट ठेवलेले नाही. त्यात कृत्ये आहेत. वारी, यात्रा, कीर्तन, प्रवचन, पूजाअर्चा यांना तो लागू नाही असेही त्यातच लिहिले आहे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला होता, कोण जाणे.

हे सगळे मी त्या संध्याकाळी बोलू शकलो नाही. मी त्या मुलाला एवढेच म्हणालो की मला तुझ्या धर्माचा राग नाही, साखळीचा आहे, आणि उद्या आपल्या देवळात कोणाला बांधले तरी मी हेच बोलेन. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी हलवली नाही. घरच्यांनी दोन दिवसांनी बाईला नेलेच. दर्ग्यावर सोय लावून देणारा ओळखीचा माणूस त्या मुलाच्याच नात्यातला होता, म्हणून हाही बरोबर गेला.

पुढे उन्हाळ्यात तो मला दुचाकीवर दिसला. मागे ती बाई बसली होती आणि तिच्या मागे सासू, मांडीवर लेकरू. जिल्ह्याच्या दवाखान्यात तारीख होती म्हणाला. बाईच्या दंडावर काळ्या दोऱ्यात ताईत होता आणि सासूच्या हातातल्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे. लेकराचे टोपडे सरकले होते, ते बाईने मागे वळून नीट केले. मी विचारले, दर्ग्यावर किती दिवस राहिले?

“तीन दिवस, गुरुजी. मानताच होती, फेडून आलो.”

आणि साखळी?

त्याने किक मारण्यासाठी पाय उचलला होता, तो तसाच ठेवून म्हणाला, “नाही लावू देल्ली मी.”

मग तो निघाला. डांबरी रस्त्यापर्यंत वाट खराब आहे, तो जपून चालवत होता.